सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझा लेख का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. गेल्या वर्षभरात फोनवर, लग्नकार्यात, एकदा तर नांदेड स्थानकाच्या फलाटावर सचखंड एक्स्प्रेसची वाट पाहतानाही हाच प्रश्न मला विचारला गेला, की आपल्या दहावीच्या तुकडीची स्मरणिका निघते आहे, सगळ्यांच्या आठवणी आल्या, तुझीच का येत नाही? आम्ही १९७९ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली, म्हणजे पन्नास वर्षे २०२९ मध्ये होतील. तोपर्यंत आपल्यातले किती जण उरतील या रास्त धास्तीपोटी संपादक मंडळाने तयारी आत्तापासूनच सुरू केली आहे. स्मरणिकेचा विषय ठरला आहे, ‘आमचे बहुरंगी नांदेड’. प्रश्नाच्या मागोमाग बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो आणि खरे सांगायचे तर मला राग त्याचाच येतो: ‘तुला काहीच चांगलं आठवत नाही का?’

मला पुष्कळ चांगले आठवते. आपल्या वर्गात दखनी शिखांची मुले होती, ज्यांच्या घरी पंजाबीपेक्षा मराठी आणि हैदराबादी ढंगाची हिंदी जास्त चालायची. महाराजा रणजितसिंहांच्या काळात गुरुद्वाऱ्याच्या बांधकामासाठी आलेल्या माणसांचे आपण वंशज आहोत, हे ते इतक्या सहजपणे सांगत, की जणू ती माणसे परवाच्या गाडीने उतरली असावीत. उस्मानशाही मिलमध्ये काम करणाऱ्यांची तेलुगू बोलणारी मुले होती, कापडाच्या दुकानातली मारवाडी मुले होती, उर्दू शाळा सोडून मुद्दाम मराठी माध्यमात घातलेली दोन-तीन मुसलमान मुले होती. मधल्या सुट्टीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ सगळ्यांच्याच तोंडी असे. हल्लामोहल्ल्याची मिरवणूक पाहायला आपण सगळेच जात होतो. लंगरमध्ये पंगतीत बसताना शेजारी कोण बसला आहे हे कोणी पाहत नव्हते, आणि मी ज्या घरातून आलो होतो त्या घरातल्या मुलासाठी ही गोष्ट केवढी मोठी होती हे तुमच्यापैकी थोड्यांनाच उमगेल. २००४ च्या रौप्यमहोत्सवी अंकात मी यावरच लेख लिहिला होता. तो तुम्हाला आवडला होता, अनेकांनी तो जपून ठेवला आहे, आणि आजही त्यातले एकही वाक्य मला मागे घ्यायचे नाही.

म्हणूनच तुम्हाला नवल वाटते. ज्याने तो लेख लिहिला तोच आता गप्प का?

त्याचे कारण २०१९ च्या मेळाव्यात घडले, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. रात्री जेवणे झाल्यावर गप्पा रंगल्या होत्या. आपल्यातल्या एका मित्राने, ज्याच्या वाड्याच्या ढाळजेत आपण सगळे कॅरम खेळायचो, दहावीतल्या ‘त्या अचानक मिळालेल्या सुट्टी’ची गोष्ट सांगितली. शाळा बंद, बाजार बंद, बसगाड्या बंद, घरातली मोठी माणसे दिवसभर रेडिओपाशी, त्यामुळे मुलांकडे कोणाचे लक्ष नाही. दिवसभर कॅरम, भाजलेली कणसे, आणि पाऊस उघडला की नगिनाघाटावर जाऊन गोदावरीचे चढलेले पाणी पाहायचे. ‘आयुष्यातली सगळ्यात सुंदर सुट्टी’ असे तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. त्याची सांगण्याची हातोटी इतकी चांगली आहे, की न हसणे अवघड होते.

ती सुट्टी १९७८ च्या जुलैअखेरची आणि ऑगस्टमधली होती. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला होता, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर कसे हल्ले झाले, घरे कशी जाळली गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला जे ठाऊक नाही ते एवढेच, की त्या दिवसांत मी कुठे होतो.

मी इतवाऱ्यात, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचे गाव उमरीच्या बाजूला, आणि त्या आठवड्यात एका रात्री मीटरगेजच्या पॅसेंजरने माझी आजी, काका, काकू आणि त्यांची मुले नांदेडला उतरली. पाठोपाठ भावकीतली आणखी दोन घरे आली. त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही नव्हते. घरे जळाली होती. माणसे वाचली, कारण अंधार पडण्याआधीच कोणीतरी येऊन त्यांना निघून जायला सांगितले होते. सांगणारा गावातल्याच एका मोठ्या घरातला होता. त्याच घरातला दुसरा एक जण नंतर पेटवणाऱ्यांत होता, असे काका म्हणत. ही दोन्ही वाक्ये काका एका दमात सांगायचे आणि त्यांतले कोणते अधिक खरे धरायचे हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

दोन खोल्यांत किती माणसे झोपत होती हे मी मोजले नाही, पण रात्री पाणी प्यायला उठायचे तर कुणाच्या तरी हातापायांवरून जावे लागे. आजी अंधारात बोलत राहायची. तिने जन्मभर गावातल्या प्रत्येकाला दादा, मामा, भाऊ असेच म्हटले होते, आणि त्या रात्री वस्तीवर कोण कोण आले होते हे सांगतानाही तिच्या तोंडून दादा आणि मामाच येत होते. ‘रॉकेलचा डबा घेऊन मामा पुढं व्हते,’ असे ती म्हणायची आणि माझे वडील तिला गप्प करायचे. काकांना मात्र घरापेक्षा मुगाची काळजी होती. बटईच्या रानात मूग तोडणीला आले होते, वर पावसाची झड लागली होती, आणि दोन दिवसांत तोडले नाहीत तर शेंगेतच मोड येतील, हे ते दर तासाला कुणाला तरी सांगत. पेटलेल्या गावात मूग तोडायला कोण जाऊ देणार होते? तरी ते एकदा निघालेच. स्टेशनापर्यंत गेले आणि परत आले. का परतले ते सांगितले नाही.

आमची घरमालकीण मुसलमान होती. तिला आम्ही खाला म्हणत असू. पहिल्या सकाळी तिने अंगणातली ती माणसे पाहिली, काही विचारले नाही, आणि तासाभराने खिचडीचे मोठे पातेले आणि खट्टा पाठवून दिला. पुढेही बरेच दिवस तिच्याकडून काही ना काही येत राहिले, भाडे मात्र तिने ठरल्या तारखेलाच घेतले. ही आठवण तुमच्या स्मरणिकेत चपखल बसेल, नाही का? संपादक मंडळातल्या एकाने मला तेच सुचवले: ‘खालाचं लिही, बाकीचं कशाला?’ पण बाकीच्याशिवाय खाला खिचडी कुणासाठी शिजवत होती?

शाळा उघडली तेव्हा वडिलांनी रजेचा अर्ज लिहून दिला. त्यात लिहिले होते, ‘घरी पाहुणे आल्यामुळे हजर राहू शकला नाही.’ ते दवाखान्यात नोकरी करणारे, जपून वागणारे गृहस्थ होते, आणि त्या महिन्यात त्यांनी याहून वेगळे काही लिहिले असते असे मला वाटत नाही. वर्गशिक्षकांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि विचारले, ‘एवढे दिवस पाहुणे? मग पाहुण्यांनी काय आणलं?’ वर्ग हसला. त्या सरांना काही माहीत होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. ते प्रत्येकाच्याच अर्जावर काहीतरी बोलत. बाकावर शेजारी बसणाऱ्याने हळूच विचारले, ‘कुठं गेल्तास रे?’ मी म्हणालो, ‘पाहुणे आल्ते.’ त्याने मान हलवली आणि बुडालेल्या भूमितीची वही माझ्यापुढे सरकवली. ती वही त्याने चांगल्या अक्षरात, माझ्यासाठीच वेगळी उतरवून ठेवली होती.

या प्रसंगावर मी आयुष्यभर स्वतःशी भांडत आलो आहे. पंचविशीत मला वाटायचे, की वही उतरवणारा मित्र पुढे काही विचारत नाही, यासारखा समंजसपणा नाही. अठ्ठ्याहत्तरला ठरलेले नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, सोळा वर्षे गेली, आणि त्याच्या दोनच महिने आधी आपल्या नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी याच नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. त्या दिवसांत तुमच्यापैकी कुणाचाही मला फोन आला नाही, आणि मग मला वाटू लागले, की त्या न विचारण्याला समंजसपणा म्हणणे हा माझा भोळेपणा होता. तरीही दहा वर्षांनी लंगरवरचा तो लेख मीच लिहिला. तिशीतला मी आणि पंचविशीतला मी यांच्यात कोण बरोबर होता हे मला अजून सांगता येत नाही.

सांगता येत नाही, कारण मग दुसऱ्यांची घरेही दिसू लागली. आपला मुसलमान वर्गमित्र, जो आता हैदराबादला असतो, त्याने पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल वाचले आणि मला रात्री उशिरा फोन केला. हैदराबाद संस्थानावरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हत्या झाल्या असे त्या अहवालात म्हटले आहे, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्यासोबत नांदेडही आहे. त्याचे आजोबा त्या सप्टेंबरात घरातून बाहेर पडले ते परतलेच नाहीत, आणि त्याच्या घरी दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, शाळेच्या झेंडावंदनासाठी त्याचे कपडे इस्त्री करून दिले जात. हे त्याने मला साठीत सांगितले. आणि कॅरमवाल्या मित्राची आजी रझाकारांच्या भीतीने तान्हे मूल घेऊन रात्रीतून पैनगंगेपलीकडे उमरखेडला गेली होती, हे मला त्याच्या वडिलांच्या तेराव्याला कळले. म्हणजे एका ढाळजेत बसून आपण कॅरम खेळत होतो आणि प्रत्येकाच्या घरी न सांगण्याची एकेक गोष्ट होती. आपण एकमेकांना विचारले नाही म्हणून मित्र राहिलो, की मित्र होतो म्हणून विचारले नाही? तुम्ही मला लेख मागता तेव्हा मला हे आधी कुणाशी तरी बोलायचे असते, आणि तुम्ही शब्दमर्यादा सांगता.

मी कडवट झालो आहे, असे काहींचे मत आहे. ते त्यांनी मला न सांगता इतरांना सांगितले, त्यामुळे साहजिकच ते मला कळले. कडवट माणूस मेळाव्याला येत नाही. मी प्रत्येक मेळाव्याला आलो आहे, वर्गणी वेळेवर दिली आहे, आणि २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीला बाहेरगावचे मित्र आले तेव्हा त्यांना रुंद झालेल्या रस्त्यांतून जुन्या गल्ल्या शोधून दाखवणाराही मीच होतो. आपले गाव बहुरंगी होते याबद्दल माझा वाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की रंग सांगायचे तर जुलै-ऑगस्टमधले ते दिवसही सांगावे लागतील, आणि ते सांगायचे तर मला एकट्याला सांगायला लावू नका. चाळीस सुखद आठवणींच्या मध्ये माझी एक असली, की ती वाचणारा म्हणेल, याच्याच घरी काहीतरी झाले होते. त्या गावात ते सगळ्यांच्या देखत झाले होते.

लेख लिहून तयार आहे. मी संपादक मंडळाला एकच अट कळवली, की कॅरमच्या सुट्टीची आठवण आणि माझी आठवण समोरासमोरच्या पानांवर छापावी, दोन्हींत कात्री लावू नये, आणि दोन्हींवर तारीख असावी, जुलै-ऑगस्ट १९७८. मंडळाचे एकमत झालेले नाही. दोघांना ती अट योग्य वाटते, एकाला ती ‘मुद्दाम केल्यासारखी’ वाटते. ती मुद्दामच केलेली आहे.

ही अट ऐकून कॅरमवाल्या मित्राने मला फोन केला. तो बराच वेळ बोलला. त्याला ते दिवस कोणते होते हे खरोखरच लक्षात नव्हते, यावर माझा विश्वास आहे. शेवटी तो म्हणाला, ‘मग मी माझी आठवण काढून घेतो. आता ती छापायला लाज वाटते.’ मला तेही नको आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने पुराचे पाणी पाहत कणीस खाल्ले यात लाजण्यासारखे काही नाही, आणि त्याने ती काढून घेतली तर माझ्या समोरचे पान कोरे राहील. हे मी त्याला सांगितले. तो विचार करतो म्हणाला आहे, आणि तो काय ठरवतो हे कळेपर्यंत माझा लेख माझ्याकडेच राहील.