मुलांचे बायबल निवडताना योनाचा चौथा अध्याय उघडावा

डिसेंबर जवळ आला की मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, आईवडील, आजीआजोबा आणि विशेषतः मामा-मावश्या एकच प्रश्न विचारू लागतात : शाळेत जाणाऱ्या मुलाला नाताळची भेट म्हणून बायबल द्यायचे आहे, तर कोणते घ्यावे? संडे स्कूलमध्ये शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, आणि मी आधी एवढेच विचारतो की ते पुस्तक मूल स्वतः वाचणार आहे की घरातील कोणी त्याला वाचून दाखवणार आहे. दुकानात ‘मुलांचे बायबल’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या जातींची पुस्तके शेजारी शेजारी मांडलेली असतात. एकात बायबलमधील निवडक गोष्टी कोणा लेखकाने आपल्या शब्दांत सांगितलेल्या असतात. दुसरे सोप्या भाषेतील, पण संपूर्ण भाषांतर असते. पुस्तक चाळताना अध्याय आणि वचनांचे, म्हणजे त्यातील एकेका वाक्याचे, आकडे दिसले तर ते भाषांतर आहे असे समजावे. आकडे नसतील तर ते गोष्टींचे पुस्तक आहे. गोष्टींच्या पुस्तकाला मी कमी लेखत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तेच योग्य आहे. मात्र ते विकत घेताना आपण बायबल घेत नसून बायबलविषयी कोणीतरी केलेली निवड घेत आहोत, याची जाणीव असावी.

ही निवड कशी केली आहे हे पाहण्याची माझी एक ठरलेली पद्धत आहे. मी बायबलमधील योना या संदेष्ट्याची गोष्ट उघडतो. मूळ पुस्तक अवघे चार अध्यायांचे आहे. निनवे शहरात जाऊन संदेश देण्याची आज्ञा झालेला योना याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारे जहाज पकडतो, वादळ उठते, खलाशी चिठ्ठ्या टाकतात आणि अखेरीस त्याला समुद्रात फेकतात. मोठ्या माशाच्या पोटात तीन दिवस आणि तीन रात्री काढून तो बाहेर येतो, निनवेला जातो आणि शहर पश्चात्ताप करते. बहुतेक चित्रमय पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. मासा अर्थातच देवमासा म्हणून रंगवलेला असतो, जरी वचनात केवळ ‘मोठा मासा’ एवढेच म्हटले आहे.

खरी गोष्ट मात्र चौथ्या अध्यायात आहे. शहर वाचले म्हणून योना आनंदित होत नाही, रागावतो. आपल्याला हे आधीच ठाऊक होते, देव दयाळू आहे म्हणूनच आपण पळालो होतो, असे तो देवाला तोंडावर सांगतो. शहराबाहेर बसलेल्या योनावर देव एका वेलीची सावली धरतो, दुसऱ्या दिवशी पहाटे किडा लावून तीच वेल सुकवतो, आणि योना वेलीसाठी हळहळू लागला की त्याला विचारतो : ज्या वेलीसाठी तू काही कष्ट केले नाहीस तिची तुला एवढी कीव येते, तर एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या शहराची कीव मला येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते. योनाचे उत्तर दिलेलेच नाही. दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात हा अध्याय वाचला की त्यांचे पहिले लक्ष गुराढोरांकडे जाते, आणि त्यानंतर योना बरोबर होता की चूक यावर जो वाद रंगतो तो थांबवावा लागतो. ज्या पुस्तकाने हा अध्याय गाळून ‘देवाचे ऐकावे’ एवढाच धडा शिल्लक ठेवला आहे, त्याने इतर गोष्टींचेही असेच केले असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही. नोहाच्या तारवावर केवळ जिराफ आणि इंद्रधनुष्य, किंवा शमशोनाच्या गोष्टीत केवळ लांब केस आणि बळकट दंड, हा त्याच वृत्तीचा पुढचा भाग होय.

याचा अर्थ आठ वर्षांच्या मुलाच्या हाती बायबलमधील शास्ते या पुस्तकाचा, अत्याचार आणि हत्येचा एकोणिसावा अध्याय द्यावा असा मुळीच नाही. लहान वयात काही प्रसंग वगळणे योग्यच आहे. वडिलांच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट मीही लहान गटाला सांगत नाही. पण एखादी गोष्ट न सांगणे आणि ती सांगताना गोड करून मोडून टाकणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. गोड केलेली गोष्ट ऐकत वाढलेले मूल तेरा-चौदाव्या वर्षी स्वतः उत्पत्तीचे पुस्तक उघडते, तेव्हा जलप्रलयात बुडालेल्यांविषयी आपल्याला कोणी काहीच कसे बोलले नाही, असा प्रश्न त्याला पडतो, आणि तो रास्त असतो.

चित्रांविषयी थोडेसे. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू असलेली पुस्तके अजूनही खपतात. शक्य असेल तेथे ती टाळावीत, कारण गालीलमधील यहूदी सुतार तसा दिसत नव्हता आणि आपल्या मुलांना हे सहज कळते. १९७६ साली संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘गुड न्यूज बायबल’मध्ये ॲनी व्हॅलोटन यांची रेखाचित्रे आहेत. मोजक्या रेघांत माणूस उभा राहतो, चेहरा जवळजवळ नसतोच, आणि मूल तो स्वतःच्या मनाने भरून घेते. रंगीत पानांच्या गर्दीपेक्षा मला ती कितीतरी सरस वाटतात.

आता भाषेचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो दुहेरी आहे. शहरातील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात आणि उपासनेत मराठी ऐकतात. इंग्रजीत मुलांना वाचता येतील अशी संपूर्ण भाषांतरे उपलब्ध आहेत : ‘इंटरनॅशनल चिल्ड्रन्स बायबल’ हे साधारण तिसरीच्या मुलाला झेपेल अशा वाक्यांत केलेले आहे, तर ‘न्यू इंटरनॅशनल रीडर्स व्हर्जन’ हे अनेक मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’चेच (एनआयव्ही) सोपे रूप आहे. आजोबांच्या हौसेखातर १६११ सालचे, जुन्या वळणाच्या इंग्रजीतील ‘किंग जेम्स’ भाषांतर मुलाला देऊ नये. ते कपाटातच राहते.

मराठीत सर्वांच्या घरी असते ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’. त्याची भाषा मुलाला जड जाते हे खरे असले, तरी वचनपाठांतर त्यातूनच होते, स्पर्धांत तेच तपासले जाते, आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे स्तोत्र घरातील आजी ज्या शब्दांत म्हणते तेच शब्द मुलाच्या तोंडी असणे याचे मोल मोठे आहे. म्हणून वेगळे भाषांतर घेण्यापूर्वी आपल्या मंडळीत कोणते वाचले जाते ते पाळकांना किंवा शिक्षकांना विचारून घ्यावे. मराठीत सोप्या भाषेची ओढ आजची नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही वाचता यावे या हेतूने. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. वसईकडील कॅथलिक कुटुंबांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ परिचित आहे, आणि सातवी-आठवीच्या मुलाला मराठी गद्याची गोडी लागावी असे वाटत असेल, तर मंडळी कोणतीही असो, ते घरात असावे असे माझे मत आहे. भेट देणाऱ्याने एक गोष्ट मात्र तपासावी : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबित किंवा मक्काबी हे पुस्तक अनुक्रमणिकेत आहे की नाही, एवढे पाहिले की उलगडा होतो.

भाषा झेपते की नाही हे ठरवण्यासाठी मुलाला दुकानात बरोबर न्यावे आणि लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, पंधरावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगावे. दहा-बारा वचने झाली की पुस्तक मिटून काय झाले ते विचारावे. पाचवीतल्या माझ्या भाचीने त्यातील, बापाची मालमत्ता उडवून कंगाल झालेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट अशी वाचली. डुकरे ज्या शेंगा खात त्या तरी पोटभर मिळाव्यात असे त्या मुलाला वाटले, या वाक्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “शेंगा तर आपणही खातो की, त्यात एवढे वाईट काय?” तिच्या डोळ्यांसमोर भुईमूग होता. त्या शेंगा त्या प्रदेशातील खरूब नावाच्या झाडाच्या, गुरांना आणि डुकरांना घालण्याच्या. आणि यहूदी मुलाने डुकरे राखणे हीच मुळात किती खालची पायरी होती, हेही तिला सांगावे लागले. मुलांच्या आवृत्तीत तळटिपा हव्यात त्या अशाच कामासाठी : शोमरोनी कोण, जकातदाराचा राग का, एका दिवसाची मजुरी किती. पानाचा निम्मा भाग उपदेशाच्या चौकटींनी भरलेल्या प्रती मला नकोशा वाटतात. मूल चौकट वाचते आणि वचन सोडून देते.

छपाईकडे मोठी माणसे दुर्लक्ष करतात. काळ्या रेक्झिनची, चेन लावलेली, खिशात मावणारी प्रत देखणी असते, पण तिच्यातील मराठी जोडाक्षरे आणि वेलांट्या इतक्या बारीक असतात की चौथीतल्या मुलाचे बोट ओळ चुकते, आणि पातळ कागदामुळे मागच्या पानाची अक्षरेही दिसू लागतात. मोठ्या टाइपातील संपूर्ण बायबल जड होते ही अडचण आहेच. अशा वेळी दहा वर्षांपर्यंत सुटे शुभवर्तमान किंवा नुसता नवा करार द्यावा. शुभवर्तमानांत मार्क सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे, असले तरी मी लूकपासून सुरुवात करायला सांगतो, कारण येशूच्या जन्माच्या वेळचे मेंढपाळ, चांगला शोमरोनी आणि उधळा पुत्र हे तिघेही फक्त तिथेच भेटतात.

संपूर्ण बायबल बाराव्या वर्षाच्या आसपास द्यावे, आणि ते ‘मुलांचे’ नसावे. मंडळीत वाचले जाते तेच, मोठ्या टाइपात, शेवटी नकाशे असलेले. इंग्रजी माध्यमातील मुलाला मराठी-इंग्रजी समोरासमोर छापलेली द्विभाषिक प्रत मिळाली तर अधिक चांगले. ती जाड असते, म्हणून ती घरच्या टेबलावर ठेवावी आणि रविवारी न्यायला वेगळा नवा करार द्यावा.