ऑकलंडच्या पाण्यातली उलांडी : छोट्या कयाकला शीड लावताना

मालवण-देवगडकडे होडीच्या बाजूला आडव्या काठ्यांनी बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं लाकूड असतं, ती उलांडी. इथे न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेत तिलाच आमा म्हणतात, आडव्या काठ्यांना कियातो आणि अख्ख्या होडीला वाका आमा. दर जानेवारीत कारापिरो तलावावर वाका आमाच्या राष्ट्रीय शर्यती होतात, लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे वल्हवतात. ऑकलंडच्या किनाऱ्यावर या जुन्या कल्पनेचं एक घरगुती रूपही पाहायला मिळतं : साध्या प्लास्टिकच्या कयाकला दोन्ही बाजूंना उलांड्या आणि वर छोटं शीड.

अशा होड्यांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. होडी वाऱ्यातून वळत नाही (तोंड वाऱ्याच्या पलीकडे नेता येत नाही), सारखी वाऱ्याकडे तोंड करते, सुकाणू हाताला जड लागतं. मग लोक सुकाणू मोठं करतात. आमचं ठाम मत असं, की सुकाणूला हात सर्वांत शेवटी लावावा. दोष बहुतेक वेळा वस्तूंच्या जागेत असतो.

आकडे एका नमुन्याचे देतो. कयाक साडेचार मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद. शीड तिकोनी, डोलकाठीच्या बाजूने ४ मीटर, खाली दीड मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर. उलांड्या मध्यरेषेपासून एकेक मीटरवर. १२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर) वाऱ्यात या शिडावर साधारण ८० न्यूटनचा दाब येतो. शिडाचा मध्य आणि पाण्याखालच्या फळीचा (होडी आडवी सरकू नये म्हणून कडेला उतरवतात ती) मध्य यांत दोन मीटरहून थोडं जास्त अंतर असतं, म्हणून होडी कलंडवणारा जोर सुमारे १७५ न्यूटन-मीटर होतो. २५ लिटरची उलांडी पूर्ण बुडाली की ती २५० न्यूटन-मीटरने विरोध करते. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ही सगळी शिल्लक १४ नॉटच्या आसपासच संपते. त्याआधीच शीड लहान करायचं, हे इथून पक्कं ठरवून टाकावं.

उलांडीसाठी बाहेरून ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी सांडपाण्याचा पाइप चालतो. २.६ मीटर लांबीत २५ लिटर जवळपास मिळतात. पुढचं टोक बोथट ठेवलं तर ते पाणी ढकलत बसतं, म्हणून निमुळतं करावं. आत फोम भरावा, म्हणजे तडा गेला तरी पाणी भरत नाही. इथलं ऊन फार कडक, उघडं पीव्हीसी त्यात ठिसूळ होतं, म्हणून रंग द्यावाच.

उलांडीच्या उंचीत बहुतेकांची चूक होते. माणूस आणि सामान होडीत असताना दोन्ही उलांड्या पाण्यापासून पाचेक सेंटिमीटर वर हव्यात. मग तीन अंश कललं की एक टेकते आणि दुसरी मोकळी राहते. दोन्ही पाण्यात घासत राहिल्या तर होडी वळताना अडते, आणि फार उंच असल्या तर ती सारखी या कुशीवरून त्या कुशीवर पडते. उलांडीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर आणि तिचा मध्य कयाकच्या मध्यापेक्षा २० ते ३० सेंटिमीटर पुढे ठेवावा. मागून वारा असताना शीड नाळ (होडीचं पुढचं टोक) खाली दाबतं, तेव्हा हाच पुढचा आधार कामाला येतो.

उलांड्या कयाकला जोडणाऱ्या आडव्या नळ्या ६०६१-टी६ अॅल्युमिनियमच्या, ४० मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी. भोक नळीच्या वरून-खालून पाडू नये. वाकण्याचा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि कयाकच्या कडेजवळ पाडलेल्या अशा भोकातूनच नळी तुटते. भोक आडवं, नळीच्या एका बाजूतून दुसऱ्या बाजूला पाडावं. कयाकच्या पॉलिथिलीनवर इपॉक्सी किंवा सिलिकॉन धरत नाही. तिथे ३१६ स्टीलचे ६ मिलिमीटरचे बोल्ट, आतून रुंद पट्टी, नायलॉक नट (आपणहून सैल न होणारे) आणि मध्ये निओप्रीन रबराचं अस्तर लागतं. स्टील अॅल्युमिनियमला टेकतं तिथे खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) ग्रीस चोळावं. मेंढ्यांचा देश असल्यामुळे ते इथे सहज मिळतं.

आता मूळ मुद्दा, तोल. होडी वाऱ्याकडे तोंड करते कारण शिडाचा जोर पाण्याखालच्या आडव्या विरोधाच्या मागे पडतो. म्हणून कडेला उतरवायची फळी (पाण्याखाली ६५ सेंटिमीटर खोल, २० रुंद) एका जागी कायमची ठोकू नये. दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये लांबीच्या दिशेने एक पट्टी बसवावी आणि फळी तिच्यावर पुढे-मागे २० सेंटिमीटर सरकेल असं करावं. ८ ते १० नॉट वाऱ्यात, वारा बाजूने घेऊन सरळ चालताना सुकाणू हलक्या हाताने सोडून पाहावं. होडी सावकाश वाऱ्याकडे वळली तर ठीक. सरळ राहायला सुकाणू पाच अंशांहून जास्त धरावं लागत असेल, तर फळी पाच सेंटिमीटर मागे घ्यावी आणि पुन्हा पाहावं. वाऱ्यापासून दूर पळत असेल तर पुढे. दहा किलोची पिशवी नाळेत ठेवली तरी नाळ रुतते आणि दोष परत येतो, म्हणून चाचणी नेहमीच्या सामानासह करावी.

डोलकाठी तीन अंश पुढे झुकवली तर शिडाचा मध्य सात सेंटिमीटर पुढे जातो, हाही उपाय आहे. शीड ५० मिलिमीटर जाड डोलकाठीभोवती तीन वेढे गुंडाळलं तर क्षेत्र १.४ चौरस मीटरवर येतं आणि मध्य आणखी १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. त्यामुळे पूर्ण शिडात होडी थोडी वाऱ्याकडे झुकणारीच ठेवावी. पूर्ण शिडात अगदी समतोल साधला, तर शीड गुंडाळल्यावर ती वाऱ्यावर चढणारच नाही.

एवढं झाल्यावर सुकाणू. पातं १५ सेंटिमीटर रुंद, पाण्यात ४५ खोल. १८ मिलिमीटरचा मरीन प्लायवूड घ्यावा, सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून साडेचार सेंटिमीटरवर, मागची कड दोन मिलिमीटरपर्यंत उतरती, वर २०० ग्रॅमचं काचकापड आणि इपॉक्सी. रुंदीचा १५ टक्के भाग फिरण्याच्या अक्षाच्या पुढे आला की हाताला हलकं लागतं. तरीही जड वाटत असेल तर पातं खाली धरणारी रबरी दोरी तपासा. वेग वाढला की पाणी पातं मागे उचलतं, आणि पंधरा अंश उचललेलं पातं फार जड होतं. रबराच्या जागी ३ मिलिमीटरची डायनिमा दोरी (ती ताणत नाही) आणि ती अडकवायला क्लीट बसवावं.

वाऱ्यातून वळताना आधी वेग घ्यावा, सुकाणू तीस अंशांवर थांबवावं. त्यापुढे ते ब्रेकसारखं काम करतं. होडी अडकतेय असं वाटलं की बाहेरच्या बाजूने वल्ह्याचे दोन जोरदार हात मारावेत.

उलटलेली दोन उलांड्यांची होडी आपणहून सरळ होत नाही. एका बाजूच्या नळ्या पिन काढून पाण्यातच सोडवता आल्या पाहिजेत, आणि हा सराव कमरेएवढ्या पाण्यात शीड गुंडाळून आधीच करावा. इथल्या कायद्याने प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट होडीत असणं बंधनकारक आहे. या होडीत ते अंगावरच हवं, आणि व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर लावून, दोरीने जॅकेटलाच बांधलेला.