तुम्ही विचारलंत म्हणून: कोबोल का काढत नाही, आणि जावाच का?

कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा, जावा तिच्या नंतरची. टीममध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, सगळं क्लाउडवर न्यायचंय ना, मग ते कोबोल एकदाचं काढून का टाकत नाही आपण? आणि जोडायलासुद्धा जावाच का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हप्ता चुकला तर पॉलिसी कधी बंद पडते, तिच्यावर कर्ज काढलेलं असेल तर काय, हे सगळे नियम त्या कोबोलमध्येच आहेत. दुसरीकडे कुठे ते पूर्ण लिहिलेले नाहीत. म्हणून हिशोब मेनफ्रेमवरच, म्हणजे ते कोबोल जिथे चालतं त्या मोठ्या संगणकावरच, ठेवायचा आणि मोबाइल ॲपला लागेल तेवढी माहिती क्लाउडवर पोचवायची. मधला दुवा जावाचा.

दुसऱ्यासाठी मला एक रात्र सांगावी लागते.

एका विमा कंपनीचं काम होतं. मेनफ्रेमवरून रोज रात्री फाइल यायची, ती वाचून आम्ही क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये भरायचो. चाचणीत सगळं जुळलं. खरा डेटा आला त्या पहिल्याच रात्री नावं बरोबर, पत्ते बरोबर, रकमा भलत्याच.

आमच्यात कोबोलचे एक जुने जाणकार होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी फाइल हेक्समध्ये, म्हणजे आतले कच्चे बाइट दिसतील अशी, उघडायला लावली आणि विचारलं, "टेक्स्ट म्हणून आणलीस का गं?"

आणली होती. एफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या पद्धतीने, वाटेतच एब्सिडिकचं (मेनफ्रेमवरचे अक्षरांचे कोड) आस्की (आपल्याकडचे कोड) करून टाकलं होतं. नावांना ते हवंच असतं, कारण मेनफ्रेमवर 'ए' हे अक्षर सी१ असतं आणि आपल्याकडे ४१. पण तिथली रक्कम अक्षरांत नव्हती, पॅक्ड डेसिमलमध्ये होती. एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. (क्रेडिट-डेबिट म्हणून लक्षात ठेवा.) १,२३४.५० रुपये म्हणजे ०१ २३ ४५ ०सी. दशांशचिन्ह त्यात नसतंच, ते कुठे धरायचं हे कॉपीबुक, म्हणजे रेकॉर्डची रचना लिहिलेली कोबोलची फाइल, सांगतं. या बाइटना अक्षरं समजून बदललं की रकमेची माती होते.

मग चाचणीत का सापडलं नाही? तिथल्या सगळ्या रकमा शून्य होत्या. ०० ०० ०० ०सी हे बाइट रूपांतरातही जसेच्या तसे राहतात. हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून फाइल बायनरीच आणायची आणि प्रत्येक रकाना कॉपीबुकप्रमाणे वेगळा वाचायचा. इथे जावा खरी उपयोगी पडते. एब्सिडिकची कोष्टकं जेडीकेतच, म्हणजे जावाच्या साधनसंचातच, असतात. फक्त कंटेनर (क्लाउडवर चालवायचं प्रोग्रॅमचं पॅकेज) हलका करायला जेलिंक हे जावाचे नको ते भाग गाळणारं साधन वापरलंत तर जेडीके डॉट चारसेट्स हे मॉड्यूल आठवणीने घाला, नाहीतर लॅपटॉपवर चालणारा कोड क्लाउडवर अडतो. आणि रकमेसाठी जावाचा बिगडेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार, डबल हा अंदाजे ठेवणारा कधीही नाही. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. लोकांच्या विम्याच्या पैशांत मला ते चालणार नाही.

फाइलच्या शेवटी ट्रेलर रेकॉर्ड असतो, त्यात मेनफ्रेमने केलेली एकूण बेरीज असते. आमची बेरीज तिच्याशी पैशापर्यंत जुळल्याशिवाय आता एकही रेकॉर्ड क्लाउडवर जात नाही. आणि चाचणीच्या फाइलमध्ये ९९,९९९.९९ची एक रक्कम आणि एक उणे रक्कम काकांनी स्वतः बसून घातली आहे.