तुम्ही विचारलंत म्हणून : मनात नसताना देवाचे आभार कसे मानायचे?

हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये येतो, लग्नाकार्यात येतो, आणि आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांतल्या, नव्या सुनाही तो हळूच विचारतात. सुरुवात साधी असते. "मॅडम, तुमच्या घरी रोज रात्री सगळे मिळून देवाचे आभार मानतात म्हणे. लेकरं बसतात का?" थोडी ओळख वाढली की खरा प्रश्न बाहेर येतो. पाऊस नाही, पीक हातचं गेलेलं, घरात आजारपण, आणि तरी आभार? मनात नसताना तोंडानं म्हणायचं, हे ढोंग नाही का?

लेकरं बसतात. कधी कुरकुरतात, पण बसतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र नीट बसून उत्तर द्यायला हवं, कारण तो विचारणारीच्या मनात काहीतरी दुखत असतं, हे मला दिसतं.

आमच्याकडे जेवणं झाली की भांडी तशीच बाजूला सारून कौटुंबिक प्रार्थना होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एखादं भजन धरतात. बायबलमधला एक उतारा वाचायचा, आणि मग प्रत्येकानं त्या दिवसातली एकच गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे. यात मामांचा, माझ्या सासऱ्यांचा, एक नियम आहे : मोघम चालणार नाही. धाकटा लहान असताना "अन्न, वस्त्र, निवारा दिलास म्हणून धन्यवाद, आमेन" असं एका दमात म्हणून उठायला बघायचा. मामा त्याचा हात धरून बसवायचे.

"अन्न म्हणजे काय खाल्लंस?"

"पिठलं."

"कोणी केलं?"

"आईनं."

"बेसन कुठून आलं?"

त्याला ते माहीत नसायचं. मग हरभरा कोणाच्या रानातला, डाळ कुठं भरडली, हे सगळं निघायचं आणि पोरगं झोप विसरून ऐकत राहायचं. "आता पिठल्याचे आभार मान," मामा म्हणायचे. एवढ्याशा पिठल्यामागं किती माणसं उभी आहेत हे एकदा कळलं, की आभार तोंडातून ओढून काढावे लागत नाहीत. आभार मानायची सवय कशी लावावी असं विचारणाऱ्या आयांना मी हेच सांगते, की लेकरांकडून पाठांतर करून घेऊ नका. प्रश्न विचारा.

याच नियमाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. रात्री देवापुढं ज्या माणसाचा उल्लेख झाला, त्याला दुसऱ्या दिवशी तसं सांगायचं. थोरली कॉलेजला एसटीनं जायची. एकदा ती धापा टाकत येताना दिसली म्हणून कंडक्टरनं घंटी दिली नाही, गाडी थांबवून ठेवली. रात्री तिनं त्याचे आभार मानले. "त्याला म्हणालीस का?" मामांनी विचारलं. ती गप्प. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. कंडक्टर म्हणे नुसता बघतच राहिला, आणि मग तिकीट फाडताना त्यानं तिला कॉलेजबद्दल, घराबद्दल विचारलं. आपल्याकडे आपल्या माणसाला आभार म्हणणं परकेपणाचं वाटतं, हे मला मान्य आहे. पण तोंडानं म्हणायला संकोच वाटत असेल तर चहा पाजावा, भाजीची जुडी द्यावी. मनातलं त्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे.

आता ढोंगाचं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मामांची बागही गेली. लेकरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपणाला लावावी लागली. ज्या दिवशी कुऱ्हाड लागली त्या रात्री प्रार्थना होईल असं मला वाटलं नव्हतं. मामा बसले. डोळे मिटून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवा, बाग गेली. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवत नाही. हे असं का केलंस ते मला कळत नाही." आत्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं तेच मामा पुढं म्हणाले, "टँकरवाल्या पोरानं आज आपल्या दारात दोन घागरी जास्त ओतल्या. त्याच्याबद्दल तुझे आभार. त्याला सुखी ठेव."

एकाच प्रार्थनेत राग आणि आभार. त्या रात्रीपासून ढोंगाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. मामांनी बाग गेल्याचे आभार मानले नव्हते. ते कोणी मानायलाही सांगू नये. दुःखात असलेल्या बाईला "यातही देवाची काहीतरी योजना असेल, स्तुती कर" असं सांगणारी माणसं आमच्या समाजात आहेत, आणि मला ते क्रूर वाटतं. आभार मानले गेले ते दोन घागरींचे. त्या घागरी खऱ्याच होत्या, बाग गेली म्हणून खोट्या ठरत नव्हत्या. मनाला बरं वाटो न वाटो, जे मिळालं ते मिळालं असं कबूल करण्यात ढोंग कसलं?

आणि हे आमच्या घरानं काढलेलं नाही. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, त्या वेळी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दर वेळी जे शब्द वाचतात ते ऐका. ज्या रात्री येशूला शत्रूंच्या हाती दिलं गेलं, त्या रात्री त्यानं भाकर घेतली, उपकारस्तुती केली, म्हणजे देवाचे आभार मानले, आणि ती मोडली. त्याच रात्री, थोड्याच वेळानं, गेथशेमाने बागेत तो शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे. भाकरीबद्दलचे आभारही खरे होते आणि ते दुःखही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं काढून बघा, त्यात विलापाची किती भरलेली आहेत! "किती वेळ, हे परमेश्वरा?" असं विचारणारी माणसंच त्यात धन्यवादही गातात. बायबलमधला हबक्कूक संदेष्टा तर आपल्याच भागातला वाटावा असा आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं सगळं एकेक सांगून मग तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नुकसानीतली एकही ओळ तो गाळत नाही.

त्या दुष्काळात आमच्या गावच्या चर्चमध्ये कापणीचा सण होऊ द्यायचा की नाही यावर बराच खल झाला. ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या कष्टातलं पहिलं काहीतरी घेऊन उपासनेला येतं. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कापूस, लाल भोपळे, अंडी, पाय बांधलेली गावरान कोंबडी, जी उपदेश चालू असताना मध्येच ओरडते. हे सगळं वेदीपुढं मांडलं जातं. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव. घेणारा ती वस्तू बऱ्याचदा परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, आणि एकच भोपळा चार घरं फिरून येतो.

त्या वर्षी सण झाला. वेदीपुढं जागा पुष्कळ रिकामी होती. एका काकूंनी कडब्याची एक पेंढी आणून ठेवली. दाणा आलाच नव्हता, कडबा तेवढा होता. चाऱ्याला तेव्हा काय मोल होतं हे गुरं सांभाळणाऱ्याला सांगायला नको. छावण्यांपुढं लोक रांगा लावून उभे होते. काकूंच्या घरी स्वतःची म्हैस होती आणि तरी त्यांनी पेंढी आणली. त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली त्या पेंढीला लागली. घेतली एका शिक्षकानं, ज्याच्याकडे एकही जनावर नव्हतं. त्यानं ती नेऊन गावातल्या एका वारकरी म्हाताऱ्याच्या गाईपुढं टाकली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या मंडळीबाहेरच्या माणसांचे आभार मानायला आपण कमी पडतो, असं मला मनापासून वाटतं. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला, आणि तो शोमरोनी होता, ज्याला यहूदी परका समजत. आमच्या जालन्याजवळचं बेथेल घ्या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी हे ख्रिस्ती गाव एकोणिसाव्या शतकात वसवलं, ते निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर. म्हणजे आमच्यातल्या कितीतरी घरांच्या मुळाशी एका मुसलमान दिवाणाचा उपकार आहे. मिशनऱ्यांची नावं आपली लेकरं सांगतात. हे नावही त्यांना सांगायला हवं.

सध्या आमच्या घरात वाद चालू आहे. थोरलीचं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं, या महिन्यात तिचा पहिला पगार होईल. रीतीप्रमाणे पहिली कमाई पूर्ण देवाची, म्हणजे चर्चच्या दानार्पणात जायची. थोरली म्हणते, निम्मी चर्चला आणि निम्मी तिच्या मेसवाल्या मावशींना. आमच्याकडे पैसे नव्हते तेव्हा त्या मावशींनी कितीतरी महिने उधारीवर डबा दिला, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उधारी आम्ही केव्हाच फेडली, पण ती म्हणते की ते पैसे डब्याचे होते. आत्यांना हे पटलेलं नाही. प्रथमफळात, म्हणजे देवाला द्यायच्या पहिल्या कमाईत, वाटणी करायची नसते, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही श्रद्धा आहे, हट्ट नाही. मामा नातीच्या बाजूचे आहेत. मीही. पगार जमा व्हायला अजून आठवडा आहे. रविवारी उपासनेनंतर पाळकांना घरी जेवायला बोलावलंय, आणि आत्यांनी मावशींनाही बोलवायला सांगितलंय.