कोट खाली आणा

शिवणकामात तीस वर्षं काढली की एक खोड लागते. माणूस दारातून आत येतो, बोलायला तोंड उघडतो, तोवर आपण त्याचे खांदे बघून मोकळे झालेलो असतो. दोन्ही खांदे अगदी एका रेषेत असलेला पुरुष मला आजवर क्वचितच भेटलाय. पाव-अर्धा इंचाचा फरक बहुतेकांत असतोच. त्यात सांगण्यासारखं काही नसतं. पडत्या बाजूला पॅडचा एक पदर जास्त घालायचा आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक आरशात बघतं, खूश होतं. पुढे आलेलं पोट, आत गेलेली छाती, वाकलेली पाठ, सगळ्यांवर आमच्याकडे तोड असते. आमचा अर्धा धंदा झाकपाकीवर चालतो असं म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच साठीच्या आसपासच्या त्या गृहस्थांनी माप देताना जे सांगितलं, ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा सव्वा इंच खाली होता. मानेचं ऑपरेशन झालं होतं, त्यात नसेला धक्का बसला आणि खांदा उचलून धरणारा स्नायू दुबळा झाला. हे त्यांनी चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाले, "मास्तर, खांदा वर आणू नका. कोट खाली आणा."

मी "बरं" म्हटलं. वहीत माप लिहिलं. आणि कापायला बसलो तेव्हा मनात म्हटलं, लोक असं बोलतात, पण आरशात सरळ खांदा दिसला की कुणाला नको असतं! दोन्ही बाजू सारख्या कापल्या आणि उजव्या खांद्यात जाड पॅड भरलं. थर लावून, कडा विरळ करून, हाताला टोक लागू नये असं. काम सुरेख झालं होतं, हे आजही म्हणेन.

ट्रायलच्या दिवशी त्यांच्या आधीची वेळ एका तरुणाची होती. त्याच्या फोनमध्ये कोटांचे फोटो, आणि तोंडी एकच शब्द, क्लासी. "मास्तर, क्लासी दिसायला पाहिजे." कापड त्यानं हट्टानं सुपर १५० घेतलं होतं. हा आकडा लोकांना शाळेतल्या मार्कांसारखा वाटतो, जितका मोठा तितका चांगला. खरं म्हणजे तो लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० ला तंतू १८.७५ मायक्रॉनच्या आत लागतो, सुपर १५० ला १६.२५ च्या आत. बारीक तंतूचं कापड हाताला लोण्यासारखं लागतं हे खरं, पण ते लवकर चुरगळतं आणि रोजच्या वापरात लवकर झिजतं. ज्याला कोट एकच शिवायचाय, त्यानं शंभर-एकशेदहाच्या पुढे जाऊ नये. हे मी त्याला सांगितलं होतं. त्यानं दीडशेच घेतलं.

अंगात घालून आलेला तयार कोट त्यानं काढला, तर त्याच्या बाहीवर कंपनीचं लेबल तसंच. मागच्या चिरेवरची फुलीची शिवणही तशीच. हे टाके दुकानात कोट टांगलेला असताना आकार बिघडू नये म्हणून मारलेले असतात. घरी नेल्यावर ते उसवायचे असतात, लेबलही काढायचं असतं. मी कात्री उचलली तशी तो घाईनं म्हणाला, "लेबल राहू द्या, ब्रँड दिसायला पाहिजे."

असा गिऱ्हाईक आला की मी ब्रमेलची गोष्ट सांगतो. बो ब्रमेल, जन्म १७७८. लंडनमधल्या बड्या लोकांच्या अंगावर अजून रेशीम नि जरी होती तेव्हा हा माणूस गडद रंगाचा, अंगाबरोबर कापलेला साधा कोट घालायचा, गळ्याला पांढरंशुभ्र कापड, आणि रोज आंघोळ. बघता बघता सगळं शहर त्याच्यासारखं दिसायला लागलं. आज जो कोट आपण पुरुषांच्या अंगावर बघतो त्याचं मूळ शोधत गेलं तर या माणसापाशी जाऊन पोचतो. गोष्ट मी इथंच थांबवतो. पुढं तो कर्जात बुडाला, १८१६ साली देणेकऱ्यांना चुकवून फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, विपन्नावस्थेत मेला, हे कोटाची ऑर्डर देणाऱ्याला कोण सांगेल?

तरुणाचा कोट त्याच्या हट्टापायी इतका अंगाबरोबर होता की बटण लावलं की पोटावर इंग्रजी एक्ससारख्या चुण्या पडत. त्यालाच तो फिटिंग म्हणत होता. आरशासमोर उभा राहून त्यानं पंधरावीस फोटो काढले. तेवढ्यात ते गृहस्थ आले, वेळेच्या पाच मिनिटं आधी. मी त्यांना कोट घातला.

आरशात कोट निर्दोष होता. उजवा खांदा सरळ, कॉलर मानेला चिकटलेली, बाहीखाली शर्टाचा अर्धा इंच दिसतोय. तरुण मागून म्हणाला, "एक नंबर!" मी मनातून फुललो.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रायलला सहसा कुणी करत नाही ते केलं, शेजारच्या खुर्चीत बसले. मग वाकून बुटाची नाडी सैल करून परत बांधली. उठून दोन्ही हात पुढं केले, समोरच्या टेबलावरचं काही उचलावं तसे. मला मागून सगळं दिसत होतं. हात पुढं गेला की पॅड कपाटाच्या फळीसारखं वर उठत होतं, त्याच्याबरोबर कॉलर मानेपासून बोटभर सुटत होती. पॅडखाली त्यांचा खांदा नव्हताच, पोकळी होती.

ते थांबले. तरुण कपडे बदलायला पडद्याआड गेला, आणि मगच ते हळू आवाजात म्हणाले, "काम छान झालंय. पण आत पॅड आहे वाटतं. माप देताना मी नीट सांगितलं नसेन."

नीट सांगितलं होतं. शब्द न् शब्द मला आठवत होता, त्यांनाही आठवत असणार. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्यावर आवाज चढवलाय, एकानं कोट टेबलावर फेकलाय. तेव्हा मला राग यायचा आणि रागात माझी चूक मला सोयीस्करपणे दिसायची नाही. इथं पळायला वाटच ठेवली नव्हती.

"सांगितलं होतं तुम्ही," मी म्हटलं. "मीच ऐकलं नाही."

त्यांनी मान हलवली. विषय संपला. पुढचा प्रश्न होता, "आता काम किती वाढलं तुमचं? मला घाई नाही."

काम बरंच वाढलं होतं. नशिबानं खांद्याच्या शिवणीत मी मार्जिन ठेवलं होतं आणि शिलाई अजून कच्चीच होती. रात्री उजवी बाही उसवली, पॅड काढलं. एका बाजूचा खांदा पडला की वरचं जास्तीचं कापड काखेखाली तिरक्या घड्या करून लोंबतं. ते कापड खांद्याच्या शिवणीत घ्यायचं, आणि जेवढं घेतलं तेवढाच मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खाली कोरायचा, नाहीतर काखेत काचतं. खिसे दोन्ही बाजूंना एका रेषेत राहायला हवेत, बटण आणि काज हलता कामा नये. पॅड भरायला मला तासभर लागला होता. हे करायला दोन रात्री गेल्या. बाही तर तीनदा लावली, तिसऱ्यांदा ती हाताबरोबर सरळ पडली.

दुसऱ्या ट्रायलला ते परत खुर्चीत बसले, वाकले, हात पुढं केले. कॉलर जागची हलली नाही. आरशात उजवा खांदा खाली होता, लख्ख दिसत होता, आणि कोट कुठंही ओढत नव्हता. थोड्या वेळानं माझी नजर खांद्यावर जायचीच थांबली, हे मला मागाहून लक्षात आलं.

पडद्याआडून तरुणानं त्या दिवशी काय ऐकलं मला ठाऊक नाही. कोट न्यायला आला तेव्हा घालून आधी खुर्चीत बसला. पोटावरच्या चुण्या बघितल्या, बटण काढलं, परत लावलं. "मास्तर, इथं अर्धा इंच सोडता येईल?" सोडता येत होतं. बाहीवरचं लेबल मात्र तसंच होतं.

वहीत त्या गृहस्थांच्या मापाखाली मी नंतर लाल शाईनं लिहून ठेवलं, उजवा खांदा सव्वा इंच खाली, पॅड नाही. खाली दोन रेघा मारल्या, कारण पुढचा कोट कापताना माझा हात परत तिकडेच जाईल याची मला खात्री आहे.