लोको मोको, चौथा शनिवार: ग्रेव्ही जमली

आज चौथा प्रयत्न. पहिल्यांदाच ताटलीला ग्रेव्हीचा थेंब उरला नाही, नवऱ्याने शेवटची शितंसुद्धा बोटाने निपटून खाल्ली.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गरम भात, त्यावर बीफच्या खिम्याची जाड टिक्की, तिच्यावर तपकिरी ग्रेव्ही आणि सगळ्यांत वर हाफ फ्राय. जन्म हवाईतल्या हिलो गावचा, १९४९ च्या सुमाराचा. इनोउये दांपत्याच्या 'लिंकन ग्रिल'मध्ये एका क्लबची खेळाडू पोरं यायची. त्यांना सँडविच नको होतं, स्वस्त आणि पोटभर काहीतरी हवं होतं. मग भात, टिक्की आणि ग्रेव्ही, २५ सेंटांत. एका पोराचं टोपणनाव होतं 'क्रेझी', म्हणून 'लोको', स्पॅनिशमध्ये वेडा. 'मोको' निव्वळ यमकासाठी. अंडं नंतर आलं.

मी हे पहिल्यांदा हिलोतच खाल्लं, 'कॅफे १००'मध्ये. दुसऱ्या महायुद्धात १०० व्या बटालियनमध्ये लढून आलेल्या रिचर्ड मियाशिरोंनी १९४६ मध्ये ते सुरू केलं, नावही बटालियनवरूनच. तेव्हापासून ती चव डोक्यातून जात नाही.

पहिल्या शनिवारी घरात होता तो बासमती लावला. फसलं. मोकळ्या भातातून ग्रेव्ही सरळ खाली उतरते आणि ताटलीत तळं होतं. हवाईत चिकट, मध्यम दाण्याचा कॅलरोज वापरतात. इथे सॅन होजेत तो कुठेही मिळतो. पुण्यातल्या मैत्रिणीला मी इंद्रायणी घ्यायला सांगितलंय, तिचा भात छान धरून राहिला. तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, वीस मिनिटं भिजवा, शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका.

दुसऱ्या वेळी ग्रेव्ही खारट झाली. डब्यातला तयार स्टॉक, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी, आधीच मिठाचा, त्यात मी सोया सॉस सुरुवातीलाच ओतला आणि आटवत बसले. आटलं तसं मीठ चढत गेलं. आता कमी मिठाचा स्टॉक आणते, सोया सॉस शेवटी घालते, मीठ तर चाखल्याशिवाय घालतच नाही.

तिसऱ्या वेळी टिक्क्या नॉनस्टिकवर भाजल्या. चवीला बऱ्या, पण ग्रेव्ही फिकी आणि पोकळ. कारण पॅनला काही लागलंच नव्हतं!

म्हणून आज बिडाचा तवा काढला. वीस टक्के चरबीचा खिमा, दीडशे ग्रॅमची एक टिक्की, वरून मीठ-मिरी. तवा चांगला तापल्यावर टिक्की टाकली आणि चार मिनिटं हलवली नाही. उलटून आणखी तीन-चार मिनिटं. थर्मामीटर ७१ अंश सेल्सियस दाखवेपर्यंत थांबले, खिमा आहे म्हणून यात तडजोड करत नाही. टिक्क्या काढल्यावर तव्याला काळपट तांबूस खरवड धरली होती. सगळी चव तिच्यात आहे. त्याच चरबीत थोडं लोणी, बारीक चिरलेला कांदा, मग दोन मोठे चमचे मैदा. आच मंद. मैदा लाडवाच्या बेसनासारखा भाजायचा, कच्चा वास जाऊन खमंग सुटेपर्यंत. मग दीड कप स्टॉक थोडा थोडा घालत लाकडी उलथन्याने खरवड सोडवत गेले. ती विरघळली आणि ग्रेव्हीचा रंग डोळ्यांदेखत गडद झाला. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं, रेघ तशीच राहिली, तेव्हा गॅस बंद. एक चमचा सोया, थोडा वूस्टरशायर सॉस, भरपूर मिरी.

अंडं मात्र अगदी शेवटी, भात वाढून झाल्यावर. बलक फुटून ग्रेव्हीत मिसळला की दोन्हींची चव बदलते, आणि तो घट्ट झाला असेल तर हे होतच नाही.

पुढच्या शनिवारी सोबत मॅकरोनी सॅलड करणार आहे, हवाईच्या प्लेट लंचमध्ये असतं तसं. मॅकरोनी जरा जास्तच मऊ शिजवायची आणि गरम असतानाच व्हिनेगर घालायचं, एवढं ठरलंय. कुणी केलं असेल तर मेयोनीज किती घातलं ते सांगा.