एअर निघाली, तरी इंजिन उचलेना

पावसाळाभर उभ्या असलेल्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरवर आजची दुपार गेली. डिझेलच्या लाइनमधली एअर काढायला फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारला. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, पण नोजलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, नटाशी थेंब नाही.

अशा वेळी लगेच पंप उतरवू नका. स्टॉपचा दांडा आत आहे ना बघा, मग इनलाइन पंपाचं (दर सिलिंडरला एक प्लंजर, असे ओळीत असलेल्या डिझेल पंपाचं) बाजूचं झाकण काढा. रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी, बोटाने पुढेमागे सरकायला हवी. घट्ट असेल तर बहुधा डिझेलमधल्या पाण्याने प्लंजर (डिझेल दाबून पुढे ढकलणारा दट्ट्या) गंजून धरलाय. आज दोन नंबरचा वरच अडकलेला, स्प्रिंग दबलेलीच. गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबायचं, मग स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंगची खालची वाटी हलकेच खाली दाबायची. हातोडी अजिबात नको! प्लंजर आणि तो ज्यात चालतो त्या बॅरलमध्ये फट जेमतेम काही मायक्रॉनची. ओरखडा पडला की प्रेशर गेलं.

रॅक मोकळी झाल्यावर नोजलचे नट एक आटा ढिले, थ्रॉटल फुल, सेल्फ. तिन्हीकडून डिझेल उसळलं की नट आवळा. धारेजवळ बोट नेऊ नका, ती कातडीत घुसते.

आणि फिल्टरच्या तळाचं पाणी काढाच. आज अर्धी वाटी निघालं.